शेजारी त्रासदायक असेल तर?

शेजाऱ्याच्या हक्कांविषयी आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकले आहे. परंतु ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा भला शेजारी असतो. खरा प्रश्न पुढे आहे. ज्याच्या न्हाणीघरातील पाणी वर्षभर आपल्या छतातून झिरपते, जो रात्री बारा वाजता फर्निचर सरकवतो, आपल्या दारासमोर कचऱ्याची पिशवी ठेवतो आणि बोलायला गेलो तर दार आपटतो, त्याचेही आपल्यावर हक्क आहेत काय?

गावाकडच्या घरांमध्ये अंगण असे, परसू असे. दोन कुटुंबांच्या मधली ती मोकळी जागा पुष्कळ गोष्टी पोटात घेत असे. फ्लॅटमध्ये एकाची जमीन हेच दुसऱ्याचे छत असते. म्हणून शेजारधर्माची परीक्षा येथे अधिक कठीण आहे.

हक्क अटीवर दिलेले नाहीत

सूरह अन-निसाच्या ३६व्या आयतीत अल्लाहने केवळ आपलीच उपासना करण्याची आज्ञा दिली आणि त्याच आयतीत आई-वडील, नातेवाईक, अनाथ व गरजू यांच्यासोबत जवळच्या आणि परक्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी सद्वर्तन करण्यास सांगितले. शेजारी सज्जन असेल तरच, किंवा आपल्या धर्माचा असेल तरच, अशी अट तेथे नाही. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे त्यांनी घरच्यांना विचारले. त्यांना प्रेषितांचे (स.) ते वचन आठवत होते, ज्यात जिब्रील (अलै.) यांनी शेजाऱ्याविषयी इतकी सतत ताकीद दिली की, आता त्याला वारसाहक्कही मिळेल असे प्रेषितांना (स.) वाटू लागले.

तेव्हा शेजाऱ्याच्या वाईट वागण्याने त्याचा हक्क संपत नाही. मात्र याचा अर्थ त्याचा अन्याय मुकाट्याने सोसत राहावा असाही नाही. या दोहोंमधला मार्ग इस्लामने दाखवला आहे.

आधी आपला हिशेब

प्रेषितांपुढे (स.) एका स्त्रीचा उल्लेख झाला. ती पुष्कळ नमाज, रोजे व दानधर्म करीत असे, परंतु जिभेने शेजाऱ्यांना दुखवीत असे. तिचे ठिकाण नरक असल्याचे त्यांनी सांगितले. दुसरी स्त्री ऐच्छिक उपासना थोडीच करी, पनीरचे तुकडे दान देई, पण कोणाला त्रास देत नसे. तिला त्यांनी स्वर्गाची वार्ता दिली.

म्हणून तक्रार करण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. सहरीच्या वेळी आपल्या घरातील भांड्यांचा आवाज किती होतो? कुर्बानीनंतर लिफ्ट आणि जिना कोणी धुतला? आपल्या चपलांचे कपाट सामाईक वाटेत तर नाही ना? मस्जिदीत एतिकाफला बसलेले असताना काही लोक मोठ्याने कुरआन पठण करीत असल्याचे ऐकून प्रेषितांनी (स.) पडदा बाजूला केला आणि एकमेकांना त्रास देऊ नका, असे समजावले. कुरआनच्या पठणाने जर शेजारच्याला उपद्रव होता कामा नये, तर आपल्या टीव्हीची गोष्ट काय सांगावी?

एकाच नावेचे प्रवासी

सहीह बुखारीत ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आलेला एक दृष्टान्त इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. काही लोक नावेत बसले. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून आपल्याच भागात एक भोक पाडावे, असे त्यांच्या मनात आले. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील, आणि त्यांचे हात धरले तर सगळेच वाचतील.

यात दोन बोध आहेत. भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या भागात आपण काहीही करू शकतो, एवढाच त्यांचा गैरसमज होता. भिंत तोडणारा किंवा न्हाणीघराची गळती टाळणारा शेजारीही अनेकदा असाच विचार करतो. त्याला शत्रू समजण्याचे कारण नाही. दुसरे असे की, वरच्यांना गप्प बसण्याची मुभा नाही. हात धरणे हे त्यांचे कर्तव्य आहे. सब्र म्हणजे मौन नव्हे.

तक्रारीचा मार्ग

अबू दाऊद यांच्या संग्रहात ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक घटना आहे. एक मनुष्य शेजाऱ्याची तक्रार घेऊन आला. प्रेषितांनी (स.) त्याला दोन-तीनदा धीर धरण्यास सांगून परत पाठवले. तो पुन्हा आला, तेव्हा घरातले सामान रस्त्यावर मांडून ठेव, असे सांगितले. येणारे-जाणारे कारण विचारू लागले आणि त्या शेजाऱ्याला दोष देऊ लागले. शेवटी शेजारी स्वतः आला आणि घरी परत चल, यापुढे माझ्याकडून तुला त्रास होणार नाही, असे म्हणाला.

येथील क्रम पाहा. आधी सब्र, तोही एकदाच नव्हे. त्यानंतर त्रास लोकांसमोर आणणे. त्या माणसाने शिवी दिली नाही, दुसऱ्याच्या घराला हात लावला नाही.

आपल्या इमारतीत हाच क्रम असा पाळता येईल. प्रथम स्वतः जाऊन भेटावे. रागाच्या क्षणी नव्हे, तर शांत वेळ पाहून. व्हॉट्सॲपच्या गटात फोटो टाकण्याआधी त्या शेजाऱ्याला घरी बोलावून ओला डाग दाखवावा. खर्च त्याच्या आवाक्याबाहेर असेल तर मुदत द्यावी. उपयोग झाला नाही तर दोघांनाही मान्य अशा वडीलधाऱ्यांना मध्ये घालावे. मग सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्यावा. न्हाणीघर, मोरी यांसारख्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती त्या सदनिकाधारकाने करावयाची असते, असे महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा मानला आहे. शेवटचा उपाय म्हणून कायद्याचे दार ठोठावणे हेही पाप नाही. सूरह अन-निसाच्या १४८व्या आयतीनुसार वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही, परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्यातून सूट आहे.

ही सूट अन्यायापुरतीच आहे. गळतीच्या अर्जात त्याच्या मुलीच्या लग्नाचा किंवा त्याच्या कमाईचा विषय आला की ती गीबत झाली. सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीत, एखाद्या समूहाच्या वैरामुळेही न्याय सोडू नका, अशी ताकीद आहे. म्हणून अर्जात दोन महिन्यांचे सहा महिने करू नयेत. शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल तर अधिकच जपावे. नळाचे भांडण नळाचेच राहू द्यावे. त्याला दोन समाजांचे भांडण होऊ देऊ नये.

वाद चालू असतानाही

अर्ज दिला, सुनावणी लागली, तरी काही गोष्टी थांबत नाहीत. जिन्यात भेट झाली तर सलाम किंवा नमस्कार-चमस्कार थांबत नाही. तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे मुसलमानाला आपल्या बांधवाशी वैध नाही. तो आजारी पडला तर विचारपूस थांबत नाही. मुलांचे खेळणे थांबत नाही. ह. अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) रस्सा शिजवताना पाणी वाढवून शेजाऱ्यांचा विचार करण्यास सांगितले होते. ती वाटी लाच म्हणून द्यायची नसते आणि गळती बंद झाली नाही म्हणून बंदही करायची नसते.

सूरह हा-मीम अस-सजदामध्ये वाईटाचे निवारण उत्तम वर्तनाने करण्यास सांगितले आहे. त्यामुळे वैरीसुद्धा जिवलग मित्र होऊ शकतो. मात्र लगेच पुढे हेही आले आहे की, हे भाग्य सब्र करणाऱ्यांनाच लाभते. कुरआनने हे काम सोपे असल्याचे म्हटलेले नाही. थकलेल्या गृहिणीला, आजारी वृद्धांना हे किती जड जाते, ते अल्लाह जाणतो आणि त्यांच्या सब्राचा मोबदला तो वाया जाऊ देत नाही.

ह. उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्या कथनानुसार कयामतच्या दिवशी सर्वांत प्रथम ज्या दोन वादींचा खटला उभा राहील ते दोन शेजारी असतील. त्या न्यायालयात आपण कोणत्या बाजूला उभे असू, याचा विचार आजच दाराबाहेर पाऊल टाकताना करू या. अल्लाह आपल्याला त्रास देणारे नव्हे, तर ज्यांच्या शेजारी लोक निर्धास्त झोपतात असे शेजारी बनवो. आमीन.