इंग्रजीच्या बोली : 'चुकीचे' वाटणारे शब्द आणि त्यांचे अर्थ



पाठ्यपुस्तकात आपण जी इंग्रजी शिकतो ती प्रमाण इंग्रजी. पण खुद्द इंग्लंडमध्ये गावागणिक इंग्रजी बदलते. आज आपण तिथले काही बोलीशब्द पाहूया.

आधी एक फरक लक्षात घ्या. एखाद्या भागात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते ती बोली. मित्रमंडळीत, बाजारात, सैन्यात गमतीने तयार होतात ते शब्द म्हणजे स्लँग, म्हणजेच आपली कट्ट्यावरची भाषा.

१) उत्तर इंग्लंड
यॉर्कशायरमध्ये ओढ्याला 'बेक' म्हणतात आणि खेळण्याला 'लेक'. हे शब्द आले कुठून? नवव्या शतकात व्हायकिंग लोक समुद्रमार्गे इंग्लंडात आले, उत्तर आणि पूर्व भागात स्थायिक झाले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतले हे शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी अजून टिकून आहेत.

आणखी काही शब्द :
• नाउट – काही नाही
• आउट – काहीही
• बेर्न – लेकरू (न्यूकॅसल आणि स्कॉटलंडकडे)
• टी – चहा तर आहेच, पण उत्तरेत अनेक घरांत संध्याकाळचं जेवणसुद्धा!
• व्हाइल – यॉर्कशायरमध्ये 'पर्यंत'. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच.

२) लंडनची कॉकनी
पूर्व लंडनच्या कॉकनी बोलीत यमकाचा खेळ चालतो. जिन्याला इंग्रजीत 'स्टेअर्स'. त्याला यमक जुळतं 'पेअर्स'चं, म्हणून जिना झाला 'ॲपल्स अँड पेअर्स'! पुष्कळदा यमकाचा शब्दच गाळतात. 'लुक'साठी 'बुचर्स हुक', आणि बोलताना नुसतं 'बुचर्स'. 'हॅव अ बुचर्स' म्हणजे 'जरा बघ'. नवख्या माणसाला यातलं काय कळणार?

३) नाशिकजवळचा शब्द
ब्रिटिश स्लँगमध्ये वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली! इंग्रजांच्या काळात तिथे लष्करी छावणी होती. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत, कधी कधी महिनोन्‌महिने. कंटाळा, ऊन, आजार यांनी काहींचं डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. 'डेको' म्हणजे नजर टाकणं, हाही 'देखो'वरूनच गेलेला शब्द.

४) गिरणीतला मुलगा
जोसेफ राइट यांचा जन्म १८५५ साली यॉर्कशायरमध्ये झाला. घरची गरिबी. सहा-सात वर्षांचे असतानाच ते कामाला लागले, पुढे कापड गिरणीत राबले. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना नीट वाचताही येत नव्हतं. मग स्वतःच्या हिमतीने शिकले आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश प्रसिद्ध केला. ज्या बोलीला शहाणे लोक गावंढळ म्हणत, ती बोलतच ते लहानाचे मोठे झाले होते. तिच्यातला एकेक शब्द त्यांनी मानाने कोशात बसवला.

काय शिकलो?
बोलीतला शब्द चुकीचा नसतो, त्याची जागा वेगळी असते. परीक्षेच्या पेपरात 'नथिंग' लिहायचं. पण यॉर्कशायरची आजी 'नाउट' म्हणाली तर ती अशुद्ध बोलली असं नाही. शिक्षक मित्रांनो, मूल वर्गात घरचा शब्द बोललं तर लाल रेघ मारण्याआधी तो फळ्यावर लिहा, शेजारी प्रमाण शब्द लिहा. मुलाला दोन्ही येतील, आणि ते बोलायचं थांबणार नाही.

स्वाध्याय
१. 'बेक' व 'लेक' हे शब्द इंग्लंडात कोणामुळे आले?
२. 'डूलॅली' शब्दाची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा.
३. आजी-आजोबांना विचारून पुस्तकात नसलेले पाच शब्द अर्थासह वहीत लिहा.