चिखल्या आणि धावरे

आवणी सुरू झाली की कर्जत-खालापूरच्या वस्त्यांत घरोघरी चिखल्या होतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, फाटते, रात्री आग होते. पावसाळ्यात हे व्हायचेच, म्हणून आपण सोडून देतो. पण त्याच फटीतून जंतू आत शिरतात आणि पायाला धावरे होते. डॉक्टरांच्या कागदावर बहुधा 'सेल्युलायटिस' लिहिलेले असते.

वर्षावासात ग्रंथवाचनाला रोज येणाऱ्या एक ताई दोन दिवस दिसल्या नाहीत, म्हणून आम्ही घरी गेलो. पाय नडगीपर्यंत सुजलेला, अंगात ताप, आणि वर चुना-हळदीचा जाड लेप. धावरे उतरवणाऱ्यालाही निरोप गेला होता! तिस्स भिक्खूच्या अंगावरचे फोड फुटले तेव्हा बुद्धांनी पाणी तापवून त्याला स्वतः धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो आणि घरी येऊन चुना फासतो. लेपाखाली काय चालले आहे ते दिसतच नाही. ताईंना त्याच संध्याकाळी सरकारी रुग्णालयात नेले. चार दिवस शिरेतून औषध द्यावे लागले. ऐन आवणीची मजुरी बुडाली ती वेगळीच.

धावरे बहुधा एकाच पायाला होते. पुस्तकात 'लाल' म्हणतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही; जांभळट, ताणलेली, चकाकणारी दिसते. म्हणून हाताची उलटी बाजू दोन्ही पायांना लावून पाहा. दुखरा पाय गरम लागतो. सुजेच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहा. सूज पुढे सरकली का, हे डॉक्टरांनाही कळते. मात्र रेघ बघत घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा. थंडी वाजून ताप आला, कातडी काळी पडली, फोड आले, रुग्ण बरळू लागला किंवा दिसते त्यापेक्षा दुखणे फारच जास्त असेल, तर रात्रीसुद्धा निघा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, चौकला ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

मधुमेह, गरोदरपण, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दोन दिवसांत बरे वाटले तरी गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्या. बसताना, झोपताना पाय उशीवर उंच ठेवा.

धावरे गेले तरी चिखल्या राहिल्या, तर ते पुन्हा येऊ शकते आणि दर वेळी थोडी सूज कायमची मागे ठेवू शकते. शेतातून आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुवा, बेचके कोरड्या फडक्याने टिपा आणि डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे मलम पुरते दिवस लावा. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या खाजेच्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, बुरशी वाढत राहते.