दहा मिनिटं पंपापाशी

माझ्या हेल्परच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे. तो माझ्या चुकीने पडला. ठाण्यातल्या एका बावीस मजली सोसायटीत मी सुपरव्हायझर आहे. त्या शनिवारी पंपरूममध्ये काय झालं, ते दुसऱ्या सोसायट्यांमधली माणसं भेटली की मी मुद्दाम सांगतो.

दर शनिवारी सकाळी मेन फायर पंप चालवून पाहायचा, हा आमचा नेम. टेस्ट लाइनचा कॉक उघडला की हेडरमधलं प्रेशर उतरतं. आमच्याकडे गेजचा काटा अकरा किलोवर असतो. दहावर आला की छोटा जॉकी पंप लागतो, नऊच्या खाली गेला की मेन पंप. त्या दिवशी मेन पंप व्यवस्थित लागला, मी कॉक बंद केला आणि तेवढ्यात वॉचमनचा फोन आला. लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या होत्या. मेन पंप आपण होऊन थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. आग लागलेली असताना तो मध्येच थांबू नये म्हणून माणसाने हाताने बंद करेपर्यंत चालत राहील अशीच त्याची जोडणी असते. पण पाच मिनिटांत परत येऊ, असं वाटलं. चाळीस मिनिटं लागली.

पाणी पुढे जायला वाटच नसली की पंपाच्या पोटातलं तेवढंच पाणी ताकासारखं घुसळलं जातं. मोटरची सगळी ताकद त्याला तापवण्यात जाते. म्हणून पंपाच्या बॉडीवर एक बारीक पाइप आणि छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. त्यातून थोडं पाणी सतत बाहेर पडतं आणि पंप थंड राहतो. आमच्या त्या पाइपवर मध्येच एक कॉक होता. फरशी ओली होते म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवला होता. फरशी कोरडी दिसत होती, याचं मला महिनाभर बरंच वाटत होतं. त्या पाइपवर कॉक असायलाच नको होता, हे नंतर कळलं.

परत आलो तेव्हा रंग जळल्याचा वास येत होता, ग्लँडमधून वाफ निघत होती. मी पंप बंद केला आणि हेल्पर पोराला म्हणालो, "वरचा एअर कॉक उघड, प्रेशर जाऊ दे." त्याने उघडला. आत कोंडलेलं पाणी बाहेर येताच वाफ होऊन त्याच्या हातावर आलं. वॉचमन टूथपेस्ट घेऊन धावला, ती मी लावू दिली नाही. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरला आणि मग हॉस्पिटल गाठलं. तापलेला पंप बंद करावा, लांब व्हावं आणि हाताला कोमट लागेपर्यंत त्याचं काहीही उघडू नये. हे मी आधी शिकायला हवं होतं.

पुढची चूक मला त्याहून मोठी वाटते. त्या घाईत मी मेन पंपाचा सिलेक्टर स्विच ऑफवर टाकला आणि तो तसाच राहिला. मधल्या शनिवारी मी चाचणीच केली नाही, पंपाची भीती बसली होती. अकराव्या दिवशी जुलैच्या फॉर्म बीसाठी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याच्या दाखल्यासाठी, लायसन्स्ड एजन्सीचा माणूस आला. त्याने कॉक उघडला, काटा उतरला, जॉकी चालतच राहिला आणि मेन पंप मात्र गप्प. अकरा दिवस बावीस मजले जॉकी पंपाच्या भरवशावर झोपत होते. स्प्रिंकलरचा लाल बल्ब 68 अंशांना फुटतो, जिथे उष्णता पोचते तेवढाच फुटतो, आणि तिथे पाणी लागतं ते त्याच क्षणी. गळती भरून काढणाऱ्या जॉकीकडून ते होणं शक्य नाही.

म्हणून सांगतो, पंप सुरू असेपर्यंत त्याच्याजवळून हलू नका. अमेरिकेतल्या एनएफपीए 25 या प्रमाणात विजेचा पंप निदान दहा मिनिटं आणि डिझेलचा तीस मिनिटं चालवायला सांगितलं आहे. तेवढा वेळ बॉडीला अधूनमधून हात लावून पाहा, रिलीफच्या पाइपातून पाणी येतंय ना ते बघा. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडतं ते पडू द्या. तो गळतो म्हणून आवळून टाकला की पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चरे पडतात. ऑटोवरचा पंप कुठल्याही क्षणी लागू शकतो. त्यामुळे कपलिंगला हात लावायचा असेल तर आधी मेन स्विच पाडून त्याला कुलूप घाला, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. डिझेल पंपाचा धूर बाहेर जातोय ना, हे बेसमेंटमध्ये फार महत्त्वाचं आहे. तो धूर कोंडला तर माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. आणि बॅटरी तपासताना जवळ विडी-काडी नको.

सेक्रेटरी साहेबांसाठीही एक गोष्ट. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी द्यावा लागतो. त्यावर नुसता सही-शिक्का बघू नका, एजन्सीकडून गेजचे आकडे मागा. वर्षातून एकदा पूर्ण पाणी सोडून चाचणी घ्यायला लावा. चांगला फायर पंप ठरलेल्या पाण्याच्या दीडपट पाणी देतानाही ठरलेल्या प्रेशरच्या निदान 65 टक्के प्रेशर धरतो. नुसता आवाज ऐकून हे कळत नाही.

आता शनिवारी माझा फोन वॉचमनच्या केबिनमध्ये असतो आणि लिफ्टसाठी दुसरा माणूस नेमलेला असतो. पंप थांबवून झाला की पोरगा एकेक नाव मोठ्याने घेतो, "काका, सक्शन व्हॉल्व्ह उघडा. डिलिव्हरी उघडा. जॉकी ऑटो. मेन ऑटो." मी प्रत्येकाला हात लावतो, मग रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या होतात, आणि त्यानंतरच पंपरूमचं दार लागतं.