घटक ७ : ‘वापरण्यात आले’, पण कोणी? : निवडणुकीतील ब्लॉकचेन आणि तांत्रिक मराठी

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन मराठीतील वाक्यरचनांचा परिचय करून घेतला. त्यांपैकी ‘-ण्यात आले’ या एकाच रचनेचा येथे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे विचार करावयाचा आहे.

७ मार्च २०१८ रोजी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात अध्यक्षपदासाठी मतदान झाले. त्यानंतर जगातील पहिली ब्लॉकचेन-निवडणूक पार पडल्याच्या बातम्या झळकल्या. त्यांचा आशय मराठीत असा मांडता येईल : ‘राष्ट्रीय निवडणुकीत ब्लॉकचेन तंत्रज्ञान वापरण्यात आले.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. ते कितपत खरे आहे हे ठरविण्यासाठी प्रथम ब्लॉकचेन म्हणजे काय, हे समजून घेऊ.

७.२ ‘मागील पानावरून पुढे’

आपल्यापैकी काहींनी दुकानात किंवा पतसंस्थेत हिशेबाची वही लिहिली असेल. पान संपले की तळाशी बेरीज मांडावयाची आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून ती ओढावयाची, ही पद्धत त्यांना ठाऊक आहे. जुन्या पानावरील एखादा आकडा कोणी बदलला, तर पुढील प्रत्येक पानावरची बेरीज बोलू लागते. ब्लॉकचेनची रचना अशीच असते. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात मागील गठ्ठ्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक खूण असते. तिला ‘हॅश’ म्हणतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी खूण पार बदलते. शिवाय या वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असल्याने एकट्याने गुपचूप खाडाखोड करणे अतिशय कठीण होते.

मात्र मूळ नोंदच चुकीची असेल, तर ती चूकही तितक्याच इमानाने पुढील पानावर जाते. वही लिहिणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. तंत्रज्ञानाच्या जाहिराती लिहिणारे ते सहसा सांगत नाहीत.

आणखी एक अडचण खास निवडणुकीची आहे. बँकेतील नोंद आपण आपल्या नावाने पासबुकात पडताळू शकतो. मतदान गुप्त असल्याने नाव आणि मत यांचा संबंध तोडावाच लागतो. तो तोडूनही आपले मत बरोबर नोंदले गेले याची खात्री मतदाराला कशी द्यावी, हा प्रश्न केवळ नोंदींची साखळी जोडून सुटत नाही.

७.३ कर्त्याचा शोध

आता मूळ वाक्याकडे वळू. सिएरा लिओनमध्ये मतदान कागदी मतपत्रिकांवर झाले. ‘अगोरा’ ही स्विस कंपनी तेथे निरीक्षक म्हणून उपस्थित होती. तिने देशाच्या पश्चिम भागातील सुमारे २८० मतदान केंद्रांवरील मोजणीचे आकडे स्वतःच्या ब्लॉकचेनवर नोंदविले. अधिकृत निकालाशी या नोंदींचा संबंध नव्हता. आपल्या प्रक्रियेत ब्लॉकचेनचा वापर झालेला नाही, असे देशाच्या निवडणूक आयोगाला जाहीरपणे सांगावे लागले.

म्हणजे ‘वापरण्यात आले’ या क्रियापदाचा कर्ता आयोग नसून एक निरीक्षक कंपनी होती. वाक्यात कर्ता नसल्यामुळे वाचकाने आपल्या समजुतीने आयोगाला त्या जागी बसविले. प्रशासनाच्या भाषेत ही रचना सोयीची असते, कारण तेथे कर्ता बहुधा गृहीत असतो. तांत्रिक लेखनात तो गृहीत धरता येत नाही. ‘अगोरा या निरीक्षक कंपनीने काही केंद्रांवरील मोजणीचे आकडे स्वतःच्या ब्लॉकचेनवर नोंदविले’ हे वाक्य नीरस आहे, त्याचा मथळा होणार नाही. पण ते खरे आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे. तेथे २०१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत परदेशांतील १४४ मतदारांनी ‘व्होट्झ’ या मोबाइल अ‍ॅपद्वारे मत दिले. मते ब्लॉकचेनवर साठविली जात असल्याचे सांगितले गेले. येथे ‘मते ब्लॉकचेनवर साठविली’ आणि ‘मतदान सुरक्षित झाले’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे. २०२० मध्ये एमआयटीतील संशोधकांनी दाखवून दिले, की फोनवर ताबा मिळविणारा हल्लेखोर मत नोंदले जाण्यापूर्वीच ते पाहू किंवा बदलू शकतो. साखळी शाबूत राहिली असती, आणि तिच्यात चुकीचे मत.

जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये मतदान यंत्रांविषयी निर्णय देताना म्हटले, की मतदान आणि निकालनिश्चिती यांतील महत्त्वाचे टप्पे नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाविना तपासता आले पाहिजेत. भारतात व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते. ती वाचण्यास अक्षर किंवा चिन्ह ओळखता येणे पुरे. हॅशची खातरजमा करण्यास तेवढे पुरत नाही. तेथे नागरिकाला कोणा जाणकाराच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणूनच त्या शब्दाची मराठी कशी लिहिली जाते, हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

७.४ स्वाध्याय

पुढील वाक्यांत कर्ता कोण आणि निवडणुकीचा कोणता टप्पा अभिप्रेत आहे, हे स्पष्ट होत नाही. त्यासाठी कोणती माहिती मिळवावी लागेल ते लिहा आणि वाक्यांची पुनर्रचना करा.

(अ) मतांची नोंद सुरक्षित करण्यात आली आहे.
(आ) निकालाची पडताळणी ब्लॉकचेनद्वारे करण्यात येईल.
(इ) सदर प्रणालीत फेरफार करता येत नाही.