शेतकऱ्यांच्या सहकारात करिअर : शहरातल्या मुलांसाठीही खुली असलेली वाट

एक किलो कॉफी बी तयार व्हायला साधारण सहा किलो पिकलेली फळं लागतात. ती हातानं वेचायची, त्याच दिवशी साल काढायची, आंबवून धुवायची आणि ओल अकरा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवायची. एवढं राबूनही भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. अराबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजाराकडे पाहून ठरतो, रोबस्टाचा लंडनच्या. दोन-तीन एकरांचा धनी इथे एकटा पडला, तर दारात आलेला व्यापारी देईल तो दर त्याला घ्यावा लागतो. तोच शेतकरी हजार जणांच्या संस्थेत आला, की त्याच्या मालाला वजन येतं. पण संस्था चालवायला प्रतवारी, हिशेब, कायदा आणि विक्री समजणारी पगारी माणसं लागतात. ही माणसं गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांतूनही तयार होऊ शकतात. बारावीनंतर किंवा पदवीनंतर काय, या काळजीत असलेल्या मुलामुलींनी आणि पालकांनी या वाटेचा गंभीरपणे विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

संस्था शेतकऱ्यासाठी नेमकं काय करते?

देशातले बहुसंख्य कॉफी उत्पादक छोटे शेतकरी आहेत. १९४२च्या कॉफी कायद्यानंतर अनेक वर्षं त्यांचा माल कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जात असे आणि विक्री बोर्ड करत असे. नव्वदच्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्यानं संपली. विकण्याचं स्वातंत्र्य मिळालं, पण बाजाराची जोखीमही थेट शेतकऱ्याच्या अंगावर आली. मोठे मळेवाले ती पेलू शकले. छोट्यांना एकत्र येण्याची गरज तेव्हापासून जास्त जाणवू लागली.

आंध्र प्रदेशातलं अराकू खोरं हे याचं ठळक उदाहरण. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था नांदी फाउंडेशनच्या साथीनं उभी राहिली. लाल, पक्व फळंच वेचायची, ती एका ठिकाणी आणून एकाच पद्धतीनं प्रक्रिया करायची, मालाचा गट वेगळा ठेवायचा आणि चव तपासूनच पुढे पाठवायचा, ही शिस्त तिथे रुजली. २०१७ साली अराकूच्या नावाचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. २०१९ साली ‘अराकू व्हॅली अराबिका’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

शेतकऱ्याच्या घरात याचा फायदा चार बाजूंनी पोहोचतो. वजनकाटा संस्थेचा असल्यानं मापात मार खावा लागत नाही. चांगल्या प्रतीला वेगळा दर मिळतो. पावसाळ्यात घर चालवायला व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि हंगामात त्यालाच पडत्या भावानं माल द्यायचा, हा फास संस्थेच्या कर्जामुळे सैल होतो. आणि वर्षाअखेरीस नफा उरला, तर त्यात सभासदाचा वाटा असतो.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यात, तीही थोडी. एकत्र येण्याचं गणित मात्र आपल्या ओळखीचं आहे. १९९१ साली सुरू झालेल्या महाग्रेप्सनं द्राक्षांच्या निर्यातीसाठी सहकारी संस्थांना एकत्र आणलं. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी आहे. लालबाग-परळच्या कितीतरी कुटुंबांची कोकणात काजूची, आंब्याची थोडी कलमं आहेत. हंगामात गावी काजू बी कुणाला आणि कशी विकली जाते, हे विचारलंत तर छोट्या कॉफीवाल्याची अडचण लगेच कळेल.

हा वारसा आपल्याही गल्ल्यांतला

सहकार म्हणजे साखर कारखाना, असा समज शहरात पक्का आहे. पण १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था गावदेवीत उभी राहिली. गिरणगावातल्या नायगावात १९४८ साली ‘अपना बाजार’ची सुरुवात झाली. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ वाढलं. कायद्यानं ती सहकारी संस्था नसली, तरी काम आणि मालकी तिथल्या बायकांचीच. कॉफीचा धागाही जवळचाच आहे. पहिलं इंडिया कॉफी हाऊस १९३६ साली चर्चगेटला उघडलं. पुढे कॉफी बोर्डानं ही हाऊसेस बंद करायला घेतली, तेव्हा १९५७पासून कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती अनेक शहरांत चालू ठेवली.

कोणत्या शाखेला कोणतं काम?

*वाणिज्य :* हिशेब चोख असेल तरच सभासदाचा विश्वास टिकतो. राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा पदवीधरांना देता येते. जमाखर्च, लेखापरीक्षण, सहकाराचा कायदा आणि व्यवस्थापन असे विषय त्यात असतात. नोकरी सांभाळून तयारी करणारे अनेक जण आहेत. बी.कॉम. झालेल्यांना या क्षेत्रात शिरायला हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

*विज्ञान :* अन्नप्रक्रियेची आवड असेल तर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत फूड इंजिनिअरिंगची पदवी आहे. शेतीकडे ओढा असेल तर सीईटी देऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी बी.एस्सी. अ‍ॅग्री करता येतं. कॉफीतच जायचं असेल, तर कॉफी बोर्डाचा गुणवत्ता व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याचं शिक्षण चिकमगळूर आणि बंगळूरला होतं. कॉफीची चव तपासून प्रत ठरवणं हे शिकून येणारं कौशल्य आहे, आणि त्यावर शेतकऱ्याचा दर ठरतो.

*संगणक आणि भूगोल :* युरोपीय संघानं २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार, जंगल तोडून पिकवलेली कॉफी तिथे विकता येणार नाही. कॉफी कोणत्या जमिनीवर पिकली, त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण तयारी टळलेली नाही. हजार छोट्या शेतांचे नकाशे आणि नोंदी ठेवणं एकट्या शेतकऱ्याला शक्य नाही. संस्थेत हे काम जाणणारा माणूस हवा.

*कला, विधी आणि समाजकार्य :* सभासदांना समजेल अशा भाषेत नियम सांगणं, बैठका घेणं, बायकांना सभासद करून घेणं, करार तपासणं ही कामं दुय्यम नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र ग्रामीण कामाचं चांगलं शिक्षण देतं.

*व्यवस्थापन :* कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था किंवा आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था, म्हणजे इर्मा, हे पर्याय आहेत. डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ साली स्थापलेली इर्मा २०२५च्या कायद्यानं त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली. कॅटसारख्या परीक्षांचे गुण, मुलाखत आणि त्या-त्या वर्षीचे नियम संस्थेच्या माहितीपत्रकातूनच तपासा.

पालकांच्या तीन शंका

*पगार पुरेल का?* छोट्या संस्थेत सुरुवातीला कमीच मिळेल, हे धरून चाला. केंद्राच्या २०२०च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत, प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त अठरा लाख रुपये ठरले. महिन्याला पन्नास हजार, आणि त्यातच सगळं कार्यालय. म्हणून घरावर शिक्षणाचं मोठं कर्ज असेल, तर पहिली नोकरी मोठ्या डेअरीत, सहकारी बँकेत, निर्यात कंपनीत किंवा नाबार्डशी संबंधित प्रकल्पात करावी. अनुभव घेऊन छोट्या संस्थेत गेलात, तर तिथे जबाबदारीही मोठी मिळते.

*संस्था बुडाली तर?* गिरण्या बंद पडताना ज्यांनी पाहिल्या, त्यांची ही भीती मी हलकी मानत नाही. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईतल्या किती घरांची झोप उडाली, हेही सगळ्यांना आठवतं. म्हणून मुलाखतीला जाण्यापूर्वी संस्थेचे तीन वर्षांचे अहवाल वाचा. लेखापरीक्षकानं कोणते शेरे मारले? कर्जाची थकबाकी वाढते आहे का? निवडणुका वेळेवर होतात का? सभासद मालाचा किती हिस्सा संस्थेला देतात? या उत्तरांतून तब्येत कळते. संचालक मंडळात राजकारण असणारच. पगारी अधिकाऱ्यानं नियम, नोंदी आणि ठराव यांना धरून राहावं. तेच त्याचं संरक्षण.

*मूल गावात कसं राहील?* विशेषतः मुलींच्या आईवडिलांना हा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. राहण्याची सोय, प्रवास, आजारपणात जवळचा दवाखाना, महिलांच्या तक्रारींसाठीची समिती यांबद्दल नेमणुकीआधी स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या. शक्य असेल तर एकदा स्वतः जाऊन या. शिवाय विक्री, निर्यात आणि वित्ताची बरीच कामं मुंबई-पुण्यातूनच चालतात.

आजपासून काय करता येईल?

तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर पहिली शाळा तिथेच आहे. खजिनदार काकांकडे किंवा काकूंकडे बसून ताळेबंद वाचायला शिका. ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा होते. परवानगी घेऊन मागे बसून ऐका. ठराव कसा मांडतात, विरोध कसा नोंदवतात, इतिवृत्त कसं लिहितात, हे पाहा. सुट्टीत गावी गेलात तर विकास सोसायटीच्या सचिवांना भेटा. कुठल्याही एका पिकाचा शेतापासून दुकानापर्यंतचा हिशेब मांडा आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसे थांबतात ते लिहून काढा. हे टिपण उद्याच्या मुलाखतीत तुमच्या कामी येईल.

या कामाला चिकाटी लागते, लोकांमध्ये रमण्याची आवड लागते आणि अशिक्षित सभासदालाही मालक मानण्याची वृत्ती लागते. फक्त झटपट बढती हवी असेल, तर दुसरं क्षेत्र निवडा. पण आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी मोजता येईल असा उपयोग व्हावा, अशी ओढ मुलात दिसत असेल, तर आईबाबांनो, ‘शेतीत काय आहे?’ असं म्हणून त्याला थांबवू नका. त्याच्यासोबत बसून दोन संस्थांचे अहवाल वाचा आणि मग निर्णय घ्या. चोख हिशेब ठेवणारा एक माणूस शेकडो घरांचं उत्पन्न सांभाळू शकतो. तुमच्या मुलाला किंवा मुलीला हे जमण्यासारखं असेल, तर पाठीशी उभं राहा.