आधी पॅनेलची पाठ वाचा

सांगलीच्या विश्रामबाग स्टेशनाबाहेर एप्रिल-मेच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीचा डॅशबोर्ड पांढुरका पडतो, दारांची पॅडं डागाळतात. मग स्प्रेचा डबा आणून घरीच रंग मारावा, असं मनात येतं. विचार वाईट नाही, क्रम मात्र उलटा आहे. माझं म्हणणं असं, की छटा निवडण्याआधी पॅनेल उतरवून त्याची पाठ वाचावी. तिथे बहुधा ‘एबीएस’, ‘पीपी’ किंवा ‘पीपी+ईपीडीएम-टी20’ अशी अक्षरं उठवलेली असतात. एबीएसवर रंग सहज बसतो, कारण रंगातला थिनर त्याचा वरचा थर किंचित विरघळवून घेतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, थिनरला दाद देत नाही. त्यावरचा रंग सुकल्यावर झकास दिसतो आणि नख लागलं की सालीसारखा निघतो. त्याला क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा प्लास्टिक प्रायमर आधी लागतो. पुष्कळसे बंपर याच जातीच्या प्लास्टिकचे असल्यामुळे बंपर रंगवणाऱ्यांना तो ठाऊक असतो. अक्षरं न वाचता तुकडा पाण्यात टाकून पाहायची युक्तीही सांगितली जाते: तरंगला तर पीपी. पण टी20 म्हणजे 20 टक्के टाल्क भरलेलं प्लास्टिक. ते पीपी असूनही बुडतं.

यावर कोणी म्हणेल, शेजाऱ्याने साधा स्प्रे मारला आणि तो अजून टिकून आहे. असेलही, त्याचं पॅनेल एबीएसचं असेल, किंवा हात न लागणाऱ्या जागेचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रायमर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पॉलिश पेपर, वर मॅट लॅकर, मग स्वस्त ते काय राहिलं? इथे फसलेल्या कामाचा खर्च धरावा लागतो. सोलणारा रंग काढायला थिनर वापरला तर एबीएसचं पॅनेलच खराब होतं, आणि घासून काढला तर वरची कातड्यासारखी नक्षी जाते. ती पुन्हा येत नाही. शिवाय चकाकीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन पॅनेलवर असतंच. ते पॉलिश पेपरने घासण्याआधीच साबणाने आणि अल्कोहोलने काढायला हवं, नाहीतर ओरखड्यांत जाऊन बसतं आणि ओल्या रंगात गोल खळगे पाडतं. मागच्या बाजूला छोटा तुकडा रंगवून, पूर्ण वाळल्यावर ब्लेडने चौकटी पाडून सेलोटेप ओढून पाहिली, तर पूर्ण डबा वाया जाण्याआधी निकाल कळतो.

हंगामही पाहावा. सांगलीच्या पावसाळी दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि लॅकरवर दुधी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे; हात पातळ द्यावेत, दोन हातांमध्ये घाई करू नये.

एअरबॅगच्या झाकणाला मात्र स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर, दोन्ही ठिकाणी, हात लावू नये. 2021 सालच्या एप्रिलपासून नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, पण अनेक जुन्या गाड्यांतही ती असते. झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावं लागतं, आणि जाड रंगाने किंवा चिकटवलेल्या फिल्मने त्यात काय बदल होईल, हे घरी तपासता येत नाही. ते झाकण फिकट राहिलं तरी चालेल.