माशांची चित्रं बंद करा, तळ वाचायला शिका

पेठ तालुक्यातले तलाव डोंगरांच्या घळीत बांधलेले. त्यामुळे पाण्याखाली सपाट जागा थोडी. तिरपे उतार, जुन्या भातखाचरांचे बांध आणि उभीच्या उभी बुडालेली झाडं जास्त. अशा पाण्यात फिश फाइंडर खोक्यातून काढला तसाच वापरला की काय होतं, ते आमच्या मासेमारी गटानं भोगलंय. पडद्यावर माशांची ठसठशीत चित्रं दिसली म्हणून तिथं जाळं सोडलं. ते बुडालेल्या खैराच्या फांद्यांत अडकलं आणि ओढताना फाटलं. रोहू-कटला दूरच, नव्या जाळ्याचा खर्च सगळ्यांच्या वाट्यातून गेला. दुसऱ्या गटावर ही पाळी येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळात परत येतो ते मोजतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. त्या हिशेबानं यंत्र खोली काढतं. माशाचा प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. पडद्याच्या उजव्या कडेला आत्ताची नोंद असते, डावीकडे मागे पडलेल्या जागांची. म्हणजे तो पाण्याखालचा फोटो नाही. तळापासून सुटा दिसणारा ठिपका मासा असेल असा अंदाज बांधून ‘फिश आयडी’ चित्र काढतं. मग फांदी आणि बुडबुडेही मासे होतात. म्हणून पहिलं काम, फिश आयडी बंद. चालत्या होडीखालून गेलेला मासा कमानीसारखा उमटतो. होडी आणि मासा दोन्ही थांबलेले असले तर सरळ रेघ येते.

दुसरं, झोत. बॅटरीच्या उजेडासारखाच आवाजही खाली जाताना पसरतो. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर रुंद जागा पाहतो, ६० अंशांचा साडेअकरा मीटर. रुंद झोत जास्त जागा दाखवतो, पण उतारावर फसवतो. उताराची वरची बाजू जवळ असल्यानं तिचाच प्रतिध्वनी आधी येतो आणि यंत्र तोच तळ समजतं. त्याच्या खाली उतारालगत असलेले मासे तळाच्या पट्ट्यात दडून जातात. आपल्या घळीतल्या पाण्याला २०० किलोहर्ट्झचा अरुंद झोत बरा. ५० किलोहर्ट्झ खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांच्या कामाचा. आणि पाण्याचा प्रकार ‘गोडं’ निवडलाय ना, तेही पाहा.

तिसरं, सेन्सिटिव्हिटी. ती ऑटोवर न ठेवता पडदाभर ठिपके येईपर्यंत वाढवा, मग ते विरळ होतील इतकीच कमी करा. रेंजही हातानं लावा. पाणी १० मीटर असेल तर १५ पुरे. तळ कठीण की गाळाचा हे पाहायचं असेल तेव्हा रेंज थोडा वेळ २५ करा. दुप्पट खोलीवर तळाची दुसरी फिकी रेघ दिसली तर खाली बहुधा खडक आहे. श्रावणातल्या गढूळ पाण्यात सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवावी लागते. ठिपके घालवायला नॉइज फिल्टर मात्र पूर्ण चढवू नका, त्यात बारीक मासेही पुसले जातात. वल्ह्याची होडी असेल तर पडदा सरकण्याचा वेग कमी ठेवा, नाहीतर कमानी ताणून नुसत्या रेघा होतात.

चौथं, ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा यंत्राचा भाग. आपल्याकडे बरेच जण थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं टाकतात. थर्माकोलमध्ये हवाच हवा, तिच्यातून आवाज पार होत नाही. ट्रान्सड्यूसर बांबूला घट्ट बांधून पाण्यात वीतभर खाली, तोंड सरळ तळाकडे ठेवा. तिरका झाला तर खोली चुकते आणि कमानी अर्ध्याच उमटतात. इंजिन असेल तर यंत्राला वेगळी बॅटरी द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धरणांत साठलेला गाळ मोजणं हे नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेचं एक काम. अशा मोजणीत प्रतिध्वनीचं यंत्र वापरायचं असेल, तर आधी धातूची पाटी ठरावीक खोलीवर टांगून ते तपासण्याची पद्धत आहे. आपणही मीटर-मीटरवर गाठ मारलेल्या दोरीला लोखंडी वजन बांधून ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली सोडावं. पाच गाठींवर वजनाची रेघ पाच मीटरच्या आसपास आली पाहिजे. ती येत नसेल तर बांबू नीट बांधा, सेटिंग पुन्हा पाहा.

मे महिन्यात पाणी आटलं की उघड्या पडलेल्या तळातून चाला. झाडांची खोडं, बांध, खडक यांच्या जागा मोबाइलच्या नकाशावर टिपून ठेवा. दसऱ्याच्या सुमारास तलाव भरलेला असताना त्याच जागांवरून होडी न्या आणि पडद्यावर त्या कशा दिसतात ते बघा. पुस्तिकेतल्या नमुन्यांत आपला तलाव नसतो. त्याची ओळख अशीच करून घ्यावी लागते.

आणि जाळं सोडण्यापूर्वी त्याच जागेवरून उलट दिशेनं आणखी एक फेरी मारा. खूण तिथंच आणि त्याच खोलीवर राहिली तर ते झाड समजा आणि पुढं चला. ती सरकली, पसरली किंवा वरखाली झाली, तरच जाळं पाण्यात जाऊ द्या.